मिठाची गुळणी

'मिठाची गुळणी धरणे' म्हणजे बोलायच्या वेळी गप्प राहणे. हा वाक्प्रचार आम्ही दोघी गेली वीसेक वर्षे पदवीच्या वर्गात शिकवीत आलो आहोत. तोंडात खारे पाणी धरलेला माणूस बोलणार कसा, इतकी ती साधी प्रतिमा. २०२१ च्या मे महिन्यात नागपूरच्या 'नीरी'ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, करोनाच्या चाचणीसाठी मिठाच्या पाण्याच्या गुळणीची पद्धत जाहीर केली आणि ही प्रतिमा उलटी झाली. गुळणी धरलेले तोंडच आता साक्ष देणार होते.

त्याआधीचे सव्वा वर्ष काडीचे होते. एक लांब, लवचीक काडी नाकपुडीतून थेट नाक आणि घसा जिथे मिळतात तिथपर्यंत जाते. साधारण नाकपुडीपासून कानापर्यंत जितके अंतर, तितकी ती आत जायला हवी. परीक्षेच्या कामावर रुजू होण्यापूर्वी आमचीही तपासणी झाली होती. डोळ्यांतून पाणी आले, शिंक आली आणि संरक्षक पोशाखातला तरुण चटकन मागे सरला. त्याला तरी दोष कसा द्यावा? अनोळखी माणसांच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर दिवसभर उभे राहण्याचे ते काम. भाषेच्या अंगाने पाहिले, तर त्या काळात लोक बहुधा 'माझा स्वॅब घेतला' असे म्हणत. 'मी दिला' असे म्हणणारे आम्हाला क्वचितच भेटले. शरीर आपले, पण क्रियापद दुसऱ्याचे.

आमच्यापैकी एकीच्या आईंच्या नाकाचे हाड वाकडे आहे. २०२० च्या दिवाळीनंतर त्यांची पहिली चाचणी झाली तेव्हा नाकातून रक्त आले. पुढे एप्रिल २०२१ मध्ये ताप आला, तो त्यांनी चार दिवस कोणाला कळू दिला नाही. 'ऊन बाधलं' म्हणाल्या. तापाच्या गोळ्यांची पट्टी नंतर पानाच्या डब्यात सापडली. पाचव्या दिवशी त्यांना धाप लागली आणि मग अकरा दिवस रुग्णालय. त्या वाचल्या, पण तोवर घरातली आणखी तीन माणसे अंथरुणाला खिळली होती. त्यांचे मौन आजाराच्या भीतीचे नव्हते, काडीच्या भीतीचे होते. मेच्या अखेरीस नागपूरची बातमी आम्ही त्यांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "हे आधी कोणाला सुचलं नाही?"

सुचले होते. हाँगकाँगच्या संशोधकांना २०२० च्या आरंभीच रुग्णांच्या लाळेत विषाणू सापडला होता. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या लाळेवरील चाचणीला आपत्कालीन परवानगी मिळाली. त्यानंतरच्याच महिन्यात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने शाळकरी मुलांसाठी खाऱ्या पाण्याची गुळणी सुरू केली. जानेवारी २०२१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात सोळा अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात बाधितांना ओळखण्याचे प्रमाण लाळेसाठी सुमारे ८३ टक्के आणि नाकातल्या खोल काडीसाठी सुमारे ८५ टक्के निघाले. हे आकडे लाळेचे आहेत, गुळणीचे नव्हेत, हे खरे. पण काडीविना भागतच नाही, ही समजूत ढिली व्हायला तेवढे पुरेसे होते.

नीरीची रीत तर स्वयंपाकघरातल्या कृतीसारखी आहे. नळीत सलाईनचे पाणी. पंधरा सेकंद गुळणी करायची, पंधरा सेकंद ते तोंडात खळखळवायचे आणि पुन्हा त्याच नळीत सोडायचे. प्रयोगशाळेत त्यात एक विशेष द्रावण मिसळून अर्धा तास साध्या तापमानाला ठेवतात, मग सहा मिनिटे ९८ अंशांवर तापवतात. विषाणूचा आरएनए वेगळा करण्यासाठी लागणारी महागडी सामग्री त्यामुळे वाचते आणि सुमारे तीन तासांत उत्तर मिळते. नमुना घेणारा प्रशिक्षित माणूसही लागत नाही. रुग्ण स्वतःच तो देतो.

मग काडीवरच इतका भरवसा का राहिला? आमचा एक तर्क आहे, आणि तो केवळ भाषेच्या शिक्षकांचा तर्क आहे. तोंडातून बाहेर पडलेल्या पाण्याला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही. थुंकी झेलणे, लाळघोटेपणा, थुंकलेले चाटणे असे सगळे वाक्प्रचार मानहानीचेच. नाथांच्या अंगावर पुनःपुन्हा थुंकणाऱ्या माणसाची आणि पुनःपुन्हा गोदेत स्नान करणाऱ्या नाथांची आख्यायिका आपण लहानपणीच ऐकतो. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याला थुंकीसाठी गळ्यात मडके बांधावे लागे, ही गोष्ट डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवली आहे. ज्या समाजात कोणाच्या थुंकीने जमीन विटाळत असे, तिथे कोणीतरी तीच थुंकी मागून घ्यावी, नळीवर नाव लिहून जपावी, हे आम्हाला लहान गोष्ट वाटत नाही. काडीला यातले काही चिकटलेले नाही. ती परकी, पांढरी आणि निर्जंतुक. शिवाय दुखते, म्हणून खरीही वाटते. कडू औषध गुणकारी मानणाऱ्यांचेच हे गणित.

गुळणीला मर्यादा आहेतच. तान्हे मूल गुळणी करीत नाही, बेशुद्ध माणूसही नाही. धाप लागलेल्याला तर ते धोक्याचे. त्यांच्यासाठी काडी राहणारच. पण चालत्याबोलत्या माणसालाही तीच का? सप्टेंबर २०२१ मध्ये नीरीने हे तंत्र सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग मंत्रालयाकडे सोपवले. लाट तोवर ओसरली होती, आणि त्याच वर्षीच्या मेमध्ये पुण्यातल्या मायलॅबच्या घरगुती चाचणीलाही मान्यता मिळाली होती. तिच्यातही काडी असतेच, पण ती नाकात फार खोल जात नाही आणि आपल्या हाताने घालायची असते. गुळणीची नळी मात्र आमच्या तालुक्यात आम्हाला कुठे दिसली नाही. गेल्या पावसाळ्यात फ्लूच्या शंकेने आईंना तपासायला नेले, तेव्हा परिचारिकेने ट्रेमधून लांब काडीच उचलली. आईंनी पदर नाकाला लावला आणि त्या दाराकडे पाहू लागल्या.