डाव्या बाजूची जागा

आमची वॅगन आर २००८ सालची. तिला पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा, म्हणजे २०२३ साली, आम्ही परिवहन कार्यालयात तिची रीतसर तपासणी करविली, पाच हजार रुपये शुल्क भरले आणि पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली. पूर्वी हेच शुल्क सहाशे रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते वाढले. "बाबा, एवढे पैसे जुन्या गाडीवर कशाला?" असे आमच्या पुण्याच्या कन्येने विचारले होते. तिला काय सांगणार? घरातील जुन्या माणसांच्या खर्चाचा हिशेब कोणी विचारीत नाही, तसाच हा खर्च.

अशा या वयोवृद्ध मोटारीच्या कपाळी गेल्या दिवाळीत आम्ही सात इंचांचा एक पडदा बसविला. त्यावर मोबाइलमधला नकाशा उमटतो, फोन कोणाचा आला ते दिसते, गाणीही लावता येतात. शेजारच्या मंडळींना याची गंमत वाटली. कोणी म्हणाले, "म्हातारीला नथ घातलीत!" आम्हीही हसलो. परंतु हा पडदा हौसेने आलेला नाही, हे मात्र आम्ही कोणाला सांगितले नव्हते. ते आज सांगत आहो.

आम्ही मूळचे देवासचे. नोकरीनिमित्त इंदुरास आलो आणि इथलेच झालो. आमच्या सौभाग्यवती मात्र जन्माने इंदूरच्या. त्यांचे माहेर रामबागेतले. त्यामुळे मोटार घेतल्या दिवसापासून चाक आमच्या हाती आणि वाट त्यांच्या तोंडी, अशी कामाची वाटणी होऊन गेली. त्यांचे मार्गदर्शनही खास इंदुरी. येथील कित्येक चौक चित्रपटगृहांच्या नावाने ओळखले जातात. रीगल चौराहा, मधुमिलन चौराहा ही नावे आजही जिभेवर आहेत. त्यांत सौभाग्यवतींची स्वतःची भर असे. "जिथे आपली गिरणी होती ना, तिथून डावीकडे." गिरणी जाऊन वीस वर्षे झाली, तरी आम्ही तिथे अचूक वळत असू.

पण शहर वाढले. बायपासच्या पलीकडे वसाहती उठल्या. २०१३ साली आगरा-मुंबई रस्त्यावर बीआरटीएसची मार्गिका सुरू झाली, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ साली ती निघूही लागली. ३१ मे २०२५ रोजी मेट्रो धावली. ज्या रस्त्यांवर सौभाग्यवतींची एकही आठवण नव्हती, तिथे त्यांच्या मांडीवर मोबाइल आला. एका डोळ्याचे मोतीबिंदू काढलेले, दुसऱ्याचे काढायचे. त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून वाचीत, आणि तोवर वळण मागे पडे.

मागल्या वर्षी वैशाखात एका लग्नाला निघालो होतो. बिचोली मर्दानाच्या पुढे कार्यालय सापडेना. दोघांचीही चिडचिड झालेली. शेवटी आम्ही त्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि चालत्या गाडीत नकाशा पाहू लागलो. दोन क्षण पाहिला असेल. मोटार आमच्या पुढे चाललेल्या सायकलच्या मागच्या चाकाला जाऊन टेकली.

सायकलवर दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. वेग कमी होता. ती पडली नाही. एक पाय जमिनीवर टेकवून तिने मागे वळून पाहिले. मोबाइल अजून आमच्या हातातच होता. ती रडली नाही, ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "दादाजी, मोबाइल बाद में देख लीजिए।" आणि निघून गेली.

लग्नात आम्हांला घास गिळवेना. सौभाग्यवती वाटेत एवढेच म्हणाल्या, "कुणाची तरी पोर होती हो ती."

ही हकीकत त्यांनीच कन्येला कळविली. कन्येचा निर्णय तत्काळ आला, "बाबा, आता गाडी चालवणं बंद." आम्हांला राग आला. पण राग कशाचा, हे शोधू गेलो तेव्हा लक्षात आले की ती चुकीचे बोलत नव्हती, म्हणूनच राग आला होता. पंचावन्न वर्षांनंतर वाहन चालविण्याचा परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो. आमचा परवाना पुढील वर्षी नूतनीकरणास येणार. तोवर आपणच आपली परीक्षा घ्यावी, असे ठरविले. चार महिने मोटार फक्त भाजीबाजार आणि दवाखाना एवढीच फिरली.

दिवाळीत आमच्या पुतण्याचा मुलगा घरी आला. तो अभियांत्रिकी शिकतो. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "आजोबा, चूक नकाशाची नव्हती, नकाशा हातात होता ही चूक होती." कायदाही तेच सांगतो, असे त्याने दाखविले. हातात मोबाइल धरून गाडी चालविणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास हजार ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत केवळ वाट पाहण्यापुरती सवलत आहे, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

त्यानेच तो पडदा आणून बसविला. नवा टेप बसवायचा तर जुन्या गाडीची पुढची फळी उकलावी लागते, तारा कापाव्या लागतात. या पडद्याला तसले काही नको. सिगारेट पेटविण्यासाठी जे बारा व्होल्टचे भोक असते, त्यातून त्याला वीज मिळते. पडद्याच्या पोटात स्वतःचा नकाशा नाही. बुद्धी सारी मोबाइलची. ब्लूटूथने दोघांची ओळख पटते आणि पुढला कारभार वाय-फायवरून चालतो. आवाजासाठी आमच्या जुन्या टेपला एक छिद्र होते, त्यात तार खोचली. ज्यांच्या टेपला ते नसेल त्यांना रेडिओच्या एखाद्या रिकाम्या जागेवर हा आवाज ऐकता येतो, मात्र शहरात खरखर फार.

काही धडे आम्ही स्वखर्चाने शिकलो. पडदा प्रथम काचेच्या मधोमध लावला, तेव्हा डाव्या बाजूचा रस्ता झाकला गेला. तो खाली, टेपच्या वर आणला. फाल्गुनातल्या उन्हानेच त्याची चिकटपट्टी सुटली आणि पडदा सौभाग्यवतींच्या पायांवर आला. तेव्हापासून गाडी उभी केली की तो काढून पिशवीत ठेवतो. काही गाड्यांत किल्ली काढली तरी त्या भोकात वीज चालूच राहते. आमच्या गाडीत तसेच आहे, हे एका सकाळी बॅटरी उतरली तेव्हा कळले.

पहिल्या दिवशी आम्ही राजेंद्रनगरहून राजवाड्याकडे निघालो. पडद्यातली बाई हिंदीत सांगू लागली, "दो सौ मीटर में दाएँ मुड़ें।" आम्ही वळलो. पुन्हा सांगितले, पुन्हा वळलो. छान चालले होते. बऱ्याच वेळाने ध्यानात आले की डाव्या बाजूच्या जागेवरून एक शब्दही आलेला नाही. विचारले, "अगं, गप्प का?" त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "आता माझं काय काम?"

तो प्रश्न आम्हांला त्या सायकलच्या चाकाइतकाच लागला. पंधरा वर्षे आम्ही समजत होतो की त्या आम्हांला वाट सांगतात. वस्तुतः त्या आपले गाव आम्हांला सांगत होत्या; आम्हां देवासकराला इंदूरकर करीत होत्या. १९१८ साली पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश विद्वानाने होळकर दरबारास इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल दिला. रेघा ओढण्याआधी गल्ल्यांतून पायी हिंडावे, असा त्यांचा आग्रह असे. वीस हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह मोटार कुठे आहे ते सांगतात. ते कोणाचे घर आहे, हे सांगत नाहीत.

त्याच रात्री याचे प्रत्यंतर आले. परतताना पडद्याने सराफ्यातून वाट दाखविली. रात्रीचे आठ वाजून गेले होते. "अहो, आत शिरू नका," सौभाग्यवती एकदम बोलल्या. "पेढ्या बंद होऊन आता खाण्याची दुकानं लागतील. माणसांतून गाडी कशी काढणार?" आम्ही सरळ पुढे गेलो. पडदा थोडा वेळ मागे फिरण्याचा आग्रह करीत राहिला, मग निमूटपणे नवी वाट दाखवू लागला. सौभाग्यवती त्या दिवसात प्रथमच हसल्या.

तेव्हापासून आमच्याकडे नवी शिस्त आहे. किल्ली फिरविण्यापूर्वी ठिकाण त्याच भरतात. गाडी चालू असताना पडद्याला हात लावण्याचा अधिकार त्यांचा; आमचा नाही. बायपासच्या पलीकडे पडद्याचे ऐकायचे, जुन्या इंदुरात त्यांचे.

आणि एक गोष्ट. या पावसाळ्यात एकदा संध्याकाळी घरी परतत होतो. पडदा स्वच्छ होता, वाट बरोबर होती, हात चाकावर होते. तरीही समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झगझगाटात अंतर कळेना. आम्ही मोटार कडेला घेतली आणि पाऊस उणावेपर्यंत उभे राहिलो. पडदा वाट दाखवितो, दृष्टी देत नाही, हे त्या अर्ध्या तासात उमजले.

घरी येऊन आम्हीच कन्येला दूरध्वनी केला. दिवेलागणीनंतर मोटार काढणार नाही आणि परवान्याच्या वेळी डॉक्टर सांगतील ते ऐकू, असे सांगितले. पलीकडून बराच वेळ उत्तर नाही. मग ती म्हणाली, "आईला फोन द्या."

दोघी काय बोलल्या ते आम्हांला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सौभाग्यवतींनी पिशवीतून पडदा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "चला, ऊन आहे तोवर रामबागेत जाऊन येऊ. वाट मी सांगते."