हिमसंतांची वाट पाहतांना

वैशाख म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तापलेलें अंगण, उन्हांत वाळत घातलेल्या कुरडया आणि वाळ्याचें पाणी उभें राहतें. त्याच वैशाखांत कोणी लोकरीचा कोट घालून टोमॅटोच्या रोपांवर जुनी चादर पांघरीत असेल, असें मला कोणी सांगितलें असतें तर मी हंसलें असतें. किंबहुना मी हंसलेंच. आणि त्या हंसण्याचें प्रायश्चित्तही मला मिळालें. तीच हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं एप्रिलच्या मध्यास मी माझ्या मुलीकडे जर्मनींतील लाइप्‌झिग शहरीं गेलें. प्रवाशानें पाहावें तें सर्व पाहिलें. संगीतकार बाख १७२३ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १७५० पर्यंत, जेथें सेवेस होते तें टोमास चर्चही पाहिलें. परंतु त्या शहराची खरी ओळख झाली ती त्याच्या कडेच्या भाजीच्या बागांत. रुळांच्या लगत, ओढ्याच्या काठीं, वस्ती विरळ होते तेथें लहान लहान तुकडे कुंपणानें आंखलेले असतात. प्रत्येकांत एक लांकडी खोपटें, दोन फळझाडें आणि भाजीचे वाफे. यांस तेथें ‘श्रेबरगार्टन’ म्हणतात.

या नांवाची गंमत अशी कीं ज्या डॉक्टर श्रेबर यांच्यावरून तें पडलें, त्यांनीं अशी एकही बाग लावली नाहीं. ते १८६१ सालीं वारले. पुढें १८६४ मध्यें हाउशिल्ड नांवाच्या शाळाप्रमुखानें मुलांना खेळावयास मैदान मिळावें म्हणून मंडळ काढलें आणि त्यास श्रेबर यांचें नांव दिलें. गेझेल नांवाच्या शिक्षकानें त्या मैदानाच्या कडेस मुलांसाठीं वाफे केले. मुलें लौकरच कंटाळलीं. खुरपीं आईबापांच्या हातीं आलीं. आणि आज जर्मनींत अशा सुमारें नऊ लक्ष बागा आहेत. १९८३ च्या कायद्यानें बाग चारशें चौरस मीटरांहून मोठी नसावी आणि खोपटें चोवीस चौरस मीटरांहून मोठें नसावें असा दंडक घातला आहे. शिवाय साधारण एकतृतीयांश जागेंत फळें व भाज्या लावाव्याच लागतात. नुसती हिरवळ राखून चालत नाहीं.

मुलगी व जांवई चौथ्या मजल्यावर राहतात, म्हणून त्यांनीं अशी एक बाग खंडानें घेतली होती. मी पोहोंचलें तेव्हां सफरचंदाचीं झाडें फुलांनीं लवलीं होतीं. मटार, पालक, मुळे व नवलकोल यांचे वाफे हिरवे झाले होते. घरांत मात्र प्रत्येक खिडकींत मुलीनें मार्चपासून वाढविलेलीं रोपें होतीं: बारा टोमॅटोचीं, सहा काकडीचीं आणि चार दुधी भोपळ्याचीं. ती रोज सकाळीं तीं बाहेरच्या वाऱ्यास लागावीं म्हणून सज्जांत ठेवी आणि संध्याकाळीं तान्ह्या मुलासारखीं आंत घेई.

मे महिना उजाडला. दुपारीं ऊन चांगलें तापूं लागलें. मी म्हटलें, “अग, आतां हीं रोपें मातींत जाऊं देत. किती दिवस कुंड्यांत कोंडून ठेवणार?”

ती म्हणाली, “आई, शेजारच्या आजी म्हणतात, हिमसंत होऊन जाऊं द्यावेत.”

या आजीबाई पंच्याऐंशीच्या घरांतल्या. त्यांनीं कुंपणावरून बोटें मोडून मला पांच नांवें सांगितलीं आणि मुलीनें अर्थ सांगितला. मे महिन्याच्या ११ तारखेस मामेर्टुस, १२ ला पांक्राट्सिउस, १३ ला सेर्वाट्सिउस, १४ ला बोनिफाट्सिउस आणि १५ ला ‘गारठलेली सोफी’. पांचही ख्रिस्ती संतांचे स्मरणदिन. दक्षिणेकडे पहिला संत सोडून चौघांसच मानतात. हे दिवस पार पडेपर्यंत नाजूक रोप बाहेर लावूं नये, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम.

मला हंसूं आलें. भ्रमणध्वनीवर पुढील आठ दिवसांचें हवामान दिसत असतां पांच संतांना कशाला विचारावयाचें? मुलगी व जांवई कामावर गेले असतां मीं ९ तारखेस सगळीं बावीस रोपें बागेंत नेऊन लावलीं. मुलीनें संध्याकाळीं पाहिलें. ती कांहीं बोलली नाहीं.

१२ च्या रात्रीं आकाश अगदीं निरभ्र होतें आणि वारा पडला होता. जांवयांनीं रोपें झांकूं म्हटलें. मीं भ्रमणध्वनी दाखविला: किमान तीन अंश. शून्याच्या खालीं तर नाहीं! सकाळीं जाऊन पाहतों तों गवतावर मिठासारखें गोठलेलें दंव. मटार व पालक जागच्या जागीं ताठ. माझीं बावीसही रोपें मात्र उकडलेल्या पाल्यासारखीं काळवंडून लोळलीं होतीं.

चूक कोठें झाली तें मागाहून समजलें. हवामानखात्याचा तापमापक जमिनीपासून दोन मीटर उंचीवर असतो. ढग हें रात्रीचें पांघरूण. तें नसलें कीं जमिनीची उष्णता सरळ आकाशांत निघून जाते, आणि वारा नसेल तर जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून कित्येक अंश अधिक थंड होते. मटार व पालक हें सोसतात. टोमॅटो, काकडी व भोपळा हीं मूळचीं उष्ण मुलखांतलीं. पेशींतलें पाणी गोठलें कीं त्यांचा जीवच जातो.

थंडी नेमकी त्याच तारखांस येते असें मात्र नाहीं. शिवाय १५८२ सालीं पोप ग्रेगरी यांनीं पंचांग सुधारून दहा दिवस गाळले आणि या भागानें ती सुधारणा १७०० सालीं पत्करली. तेव्हां जुना नेम आजच्या हिशेबानें आठदहा दिवस पुढेंच पडावयास हवा. तारीख ही केवळ खूण. खरा उपदेश आहे तो थोडें थांबण्याचा.

मुलगी रागावली असती तर बरें झालें असतें. ती वाकून एक एक रोप उपटूं लागली. दोन महिन्यांची तिची माया माझ्या एका दुपारच्या घाईनें मातींत गेली होती. तेवढ्यांत आजीबाई आल्या. “मीं सांगितलें होतें,” असें त्या म्हणाल्या नाहींत. त्यांनीं सांगितलें तें वेगळेंच. महायुद्धानंतरच्या उपासमारींत त्यांचें कुटुंब अशाच एका बागेवर जगलें. त्या काळीं गेलेलें रोप पैसे देऊनही पुन्हा मिळत नसे, म्हणून त्यांच्या आईनें संतांचे दिवस कधीं ओलांडले नाहींत. मग त्यांनीं आपल्या खोपट्यांतून सहा टोमॅटोचीं रोपें आणून मुलीच्या हातीं ठेवलीं.

मला सातारकडचे आमचे मामंजी आठवले. रोहिणींत वळीव कोसळला कीं शेजारी पेरून मोकळे होत. मामंजी मात्र मृग लागून जमीन पुरती भिजेपर्यंत बियाण्याच्या पोत्याची गांठ सोडीत नसत. त्यांना मीं कधीं हंसलें नाहीं. आपल्या नक्षत्राचा मान राखणारी मी, दुसऱ्याच्या संतांना मात्र हंसलें!

१७ तारखेस आम्हीं तीं सहा रोपें लावलीं, फरसबीचें बीं टोंकलें आणि भोपळ्याचें बीं पुन्हा खिडकींत रुजत घातलें. जूनमध्यें तेथें दिवस सोळा तासांहून मोठा असतो. उशिरा लागलेलें रोपही झपाट्यानें वाढतें. जुलैंत मी निघालें त्या दिवशीं मुलीनें पहिली फरसबी केली, ओलें खोबरें न मिळाल्यानें सुकें घालून. एक वाटी भाजी कुंपणापलीकडे देऊन ये, असें तिनें सांगण्यापूर्वींच मी वाटी घेऊन उठलें होतें.