कधी कधी पिवळी पडणारी स्क्रीन



पूर्ण बंद पडलेला संगणक दुरुस्त करणं त्यामानाने सोपं असतं. खरा ताप देतो तो कधी चालणारा, कधी न चालणारा संगणक. दुरुस्तीवाला आला की तो शहाण्यासारखा वागतो आणि त्याची पाठ वळली की पुन्हा नाटकं सुरू! आमच्या शाळेच्या संगणकाने गेल्या पावसाळ्यात हेच चालवलं होतं. स्क्रीन मध्येच पिवळी पडायची, कधी दोन-तीन सेकंद काळी व्हायची आणि मग आपोआप नीट व्हायची.

दुकानातून फोनवरच उत्तर मिळालं, "मॉनिटर गेला, नवीन घ्या." पण हा संगणक गावाने लोकवर्गणीतून दिलेला. मजुरीला जाणाऱ्या आयांनीही त्यात पन्नास-शंभर रुपये घातलेले. खात्री नसताना मॉनिटर भंगारात काढून पुन्हा गावापुढे हात पसरायचा, हे मनाला पटेना. मी चौथीच्या मुलांना म्हटलं, "हा बिघाड नक्की कधी होतो, ते आधी शोधू या."

एका जुन्या वहीत तीन रकाने आखले : वेळ, स्क्रीनवर काय झालं आणि त्या क्षणी आपण काय करत होतो. मुलांचे अंदाज आधीच तयार होते. कुणी म्हणे पाऊस आला की होतं, कुणी म्हणे लाईट कमी-जास्त झाली की होतं. मी कुणालाच चूक म्हटलं नाही, फक्त लिहायला सांगितलं. आठ दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या चार कोरड्या दिवसांच्या, म्हणजे पावसाचा अंदाज बाद. मग एक मुलगी वहीवर बोट ठेवून म्हणाली, "बाई, बघा ना, नऊ वेळा आपण की-बोर्डचा कप्पा ओढलाय!" टेबलामागे डोकावलो, तर कप्पा ओढला की मॉनिटरची केबलही ताणली जात होती.

आता दोष मॉनिटरचा की केबलचा? यासाठी एक सोपी परीक्षा आहे. स्क्रीन पिवळी असतानाच मॉनिटरचं मेनू बटण दाबायचं. हा मेनू मॉनिटर स्वतः तयार करतो, तो सीपीयूकडून येत नाही. आमच्याकडे मागचं चित्र पिवळं, पण मेनूतली अक्षरं पांढरीशुभ्र! म्हणजे मॉनिटर ठणठणीत होता.

पण पिवळाच रंग का? व्हीजीए केबलमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे संदेश वेगवेगळ्या तारांतून येतात. निळ्याची तार सुटली की उरतात लाल आणि हिरवा, आणि प्रकाशात हे दोन मिळून पिवळा होतो. लाल सुटला तर चित्र निळसर-हिरवं दिसतं, हिरवा सुटला तर गुलाबी-जांभळं. रंगपेटीत लाल-हिरवा मिसळून मळकट तपकिरी करणाऱ्या मुलांना हे खोटंच वाटलं. मग लाल आणि हिरवा जिलेटीन कागद लावलेल्या दोन टॉर्च भिंतीवर एकाच जागी पाडून दाखवल्या, तेव्हा वर्गात एकच गलका झाला.

पुढचा नियम : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी केबलचे दोन्ही बाजूंचे स्क्रू घट्ट केले. तरी बिघाड आला. मग शेजारच्या शाळेतून केबल उसनी आणली. आठवडाभर एकही नोंद नाही. शेवटी जुनी केबल मुद्दाम परत लावली आणि कप्पा ओढला. स्क्रीन पिवळी! मुलांनी टाळ्याच वाजवल्या. बिघाड परत आल्याचा इतका आनंद मी पहिल्यांदाच पाहिला. नवीन केबल दीडशे रुपयांत आली.

तुमच्या शाळेत असं झालं तर एवढं लक्षात ठेवा :

१. केबल काढण्याआधी संगणक बंद करा, मेन स्विचही बंद करा.
२. केबलच्या टोकाला पंधरा पिनांच्या जागा तीन ओळींत असतात. मधल्या ओळीत एक पिन नसेल तर घाबरू नका, अनेक केबलमध्ये ती मुळातच नसते. वाकलेली पिन मात्र नक्की पाहा.
३. स्क्रीनशॉट काढून मोबाईलवर पाहा. दोष त्यातही दिसला तर तो सीपीयूच्या आत आहे. दिसला नाही तर केबल, तिची जोडणी आणि मॉनिटर तपासा.
४. मॉनिटर किंवा सीपीयूतला पॉवर सप्लाय कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असू शकते. ते काम कारागिराचं.

परिसर अभ्यासात निरीक्षण, नोंद, अंदाज, पडताळा हे शब्द आपण फळ्यावर लिहितोच. या केबलने ते मुलांच्या हातात दिले. परवा शाळेचा नळ अधूनमधून बंद व्हायला लागला, तर मी काही सांगायच्या आधीच दोघं जण वहीत रकाने आखत बसले होते.