येरवड्यातले 35 दिवस

"पुण्याला कशाला चाललाय हा?" दांडिया बाजारातल्या काकूंनी विचारलं, तर आईने परस्पर सांगून टाकलं, "कंपनीचं ट्रेनिंग आहे." 35 दिवसांचं!

गुजरातेत दारूबंदी, म्हणून बडोद्याच्या मराठी घरांना वाटतं की हा प्रश्न आपला नाही. मला तर कधीच कमी पडली नाही. एक फोन केला की घरपोच. बंदीमुळे झालं एवढंच, की घरात कोणी त्याबद्दल बोलायचं नाही.

बाबांबरोबर रात्रीच्या गाडीने पुण्याला गेलो. येरवडा म्हटलं की तुरुंग आणि मनोरुग्णालय, एवढंच मला माहीत. 'मुक्तांगण' 1986 साली त्या मनोरुग्णालयाच्याच आवारात सुरू झालं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैशाचं बळ दिलं. आता स्वतःची इमारत आहे. इथे आपण पेशंट नसतो, 'रुग्णमित्र' असतो. पहिल्या दिवशी मला या शब्दाचं हसू आलं होतं.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. हात इतके थरथरायचे की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. रोजची सवय असताना दारू एकाएकी तोडली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं घ्यावी लागतात. मी घरी दोनदा मनानेच बंद करून पाहिली होती. नशीब, निभावलं.

मग योगासनं, झाडलोट, आणि गटात बसून बोलणं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. मी म्हटलं, "प्रोजेक्टच्या डेडलाइनमुळे प्यायचो." समुपदेशक हसले. तेही एके काळी पिणारेच. म्हणाले, "मला तर डेडलाइनही नव्हती हो, तरी प्यायचो." त्या दिवशी पहिल्यांदा खरं बोललो. आईच्या कपाटातले पैसे, बायकोला मारलेल्या थापा, सगळं.

भेटायला आलेले बाबा एवढंच म्हणाले, "पैशांचं आम्हाला माहीत होतं."

परतल्यावर दोन महिन्यांत एकदा घसरलो. लपवलं नाही, दुसऱ्याच दिवशी फोन केला आणि फॉलोअपला गेलो. आता दर शनिवारी इथल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगला जातो. तिथे फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. सव्वा वर्ष झालं.

मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर मी प्रसाद वाटायला उभा असतो. कोणाला काही विचारायचं असेल तर बाजूला घेऊन विचारा. आईची आता हरकत नाही.