मिसिंग

दिल्लीचे मेकॅनिक ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात, तो आजार आमच्या ओम्नीला २०२३च्या ऑक्टोबरात जडला. रस्त्यावर गाडी ठीक पळायची, पण लाल दिव्याला थांबली की थंडी वाजून आल्यासारखी थरथरायची. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. त्यामुळे हा आजार कानांआधी मांड्यांना कळतो.

गाडी जानेवारी २००९ची, बाबा निवृत्त झाले त्या वर्षीची. गुडघे गेल्यावर त्यांना बसता येईल अशी एवढीच गाडी उरली होती. दार बाजूला सरकतं आणि पायरी बुटकी. दिल्लीत तेव्हा पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणता येत नव्हती. हरित लवादाने २०१४मध्ये तसं सांगितलं आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे आमच्या हातात तीन महिने होते. विट्याचा माझा मावसभाऊ ती घ्यायला तयार होता. तिकडे डाळिंबाचे क्रेट वाहायला अशी गाडी सोयीची, शिवाय ओम्नी २०१९पासून नवी मिळत नाही. भाव ठरला होता. ना-हरकत दाखल्याचे कागद काढायचे होते आणि त्याआधी पीयूसी संपत होती.

पहिला मेकॅनिक म्हणाला, “रेस थोडी बढ़ा देता हूँ, पता भी नहीं चलेगा.” खरंच कळलं नसतं. इंजिन जरा जोरात फिरलं की थरथर बुजते. त्याचे पैसेही थोडेच होते. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, “कुठला सिलिंडर, ते विचार त्याला.” ते त्याला सांगता आलं नाही. आम्ही परत फिरलो.

बाबा टपाल खात्यात हिशेब बघायचे. ताळेबंदात दोन रुपयांचा फरक आला तर खिशातले दोन रुपये घालून तो मिटवता येतो, पण चूक वहीत तशीच राहते, असं ते सांगत. मला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. आता या वयात, ज्या गाडीला तीन महिन्यांत निरोप द्यायचा तिच्यासाठी हा हट्ट कशाला, असं वाटत होतं. पण एक गोष्ट खरी होती. न जळलेलं इंधन धुराड्यातून तसंच बाहेर पडतं, आणि ते दिवाळीच्या तोंडावरच्या दिल्लीत, जिथे बाबा रात्री दोन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपत होते.

दुसरे उस्ताद त्रिलोकपुरीतले, साठीच्या पुढचे. त्यांनी आधी गाडी सीएनजीवरून पेट्रोलवर घेतली. थरथर तशीच. “मग दोष गॅसच्या किटचा नाही आणि पेट्रोलचाही नाही,” ते हिंदीत म्हणाले. ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनात सिलिंडर तीनच. त्यांनी एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन बंद पडायला आलं. तिसरी काढली, तेच. मधली काढली तर काहीच फरक पडला नाही. जो काम करत नव्हता, त्याची गैरहजेरी कुणाला जाणवणार? मग मधला प्लग पहिल्यात आणि पहिला मधल्यात, पाठोपाठ वायरींचीही अदलाबदल. दोष जागचा हलला नाही. म्हणजे ठिणगी होती; उणीव होती ती दाबाची.

गेज लावलं. पहिल्यात १७०, तिसऱ्यात १६५, मधल्यात ९०. मधल्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट भरून आकडा चढला असता. तो ९५वरच अडला. “व्हॉल्व्ह,” उस्ताद म्हणाले. “सकाळी थंड इंजिन घेऊन या.”

सकाळी झाकण उघडलं. मधल्या सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या टॅपेटखाली कागदासारखी गेजची पातसुद्धा शिरेना. सीएनजी कोरडा. वर्षानुवर्षं त्यावर चालल्याने व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत रुतत जातो, टॅपेटची मोकळीक खातो, आणि शेवटी पुरता मिटतच नाही. इंजिन वेगात असलं की दाबाला निसटायला वेळ मिळत नाही. सावकाश फिरताना मिळतो. म्हणून सगळं दुखणं लाल दिव्याला.

मग उस्तादांनी विचारलं, “इधर कुछ महीनों से आवाज़ कम नहीं हुई थी?” झाली होती. उन्हाळ्यापासून इंजिनची टकटक कमी झाली होती आणि मी खूश होते, म्हातारपणी गाडी शांत झाली म्हणून. ते हसले. बोलणारा टॅपेट बरा, म्हणाले. गप्प बसलेला व्हॉल्व्ह जाळतो.

बाबाही उन्हाळ्यापासून कमी बोलत होते. माझी तक्रार नव्हती, सोय होती. त्या संध्याकाळी मी त्यांना पहिल्यांदा विचारलं की, गाडी गेल्यावर तुम्ही बाहेर कसे पडणार? त्यांनी तोंड उघडलं ते तासभर. दवाखाना, पेन्शनची बँक, गणपतीत पहाडगंजचं बृहन्महाराष्ट्र भवन. सगळा हिशेब त्यांनी मनात कधीच मांडून ठेवला होता. मी विचारायची वाट बघत होते.

टॅपेट जुळवल्यावर मधल्या सिलिंडरचा आकडा १४०पर्यंत आला. पूर्ण नाही, पण व्हॉल्व्ह अजून जळला नव्हता. गाडी पुन्हा टकटकू लागली, थरथर गेली, पीयूसी झाली.

भावाला फोन करून मी तिन्ही आकडे सांगितले. टॅपेट अधूनमधून तपासत राहा, हेही सांगितलं. तो क्षणभर थांबून म्हणाला, “ताई, मग पाच हजार कमी कर.” मी बाबांकडे पाहिलं.

“कर,” ते म्हणाले. “आणि त्याला सांग, आवाज बंद झाला तर आधी फोन कर म्हणावं.”