जाळीचा स्वेटर

लष्कराच्या जर्सीला कुठे जाळी नसते. घट्ट वीण, खांद्यावर आणि कोपरावर कापडाची ठिगळं, बस. वारा आत येऊ नये एवढंच तिचं काम. म्हणून लडाखमधल्या आमच्या बंकरात मी जाळीचा स्वेटर विणायला बसलो तेव्हा पोरं पोट धरून हसली. "साब, ठंड रोकने का बना रहे हो या हवा आने का?" एकाने विचारलंच. खरं होतं त्याचं. पण हा स्वेटर लडाखसाठी नव्हता, साताऱ्यासाठी होता. आमच्या सातवर्षांच्या लेकीसाठी.

मी सिग्नलचा माणूस. १९९६ च्या हिवाळ्यात एका कुमाऊँनी पलटणीबरोबर होतो. राणीखेतला कुमाऊँ रेजिमेंटचं सेंटर आहे, तिथे जुन्या चर्चमध्ये शाली आणि ट्वीड विणायचं केंद्र चालतं आणि वीरनारी तिथे काम करतात, हे ज्यांची तिकडे बदली झाली असेल त्यांना माहीत असेल. त्या मुलखात बाई चालता चालता विणते. आमच्या पलटणीतला अल्मोड्याकडचा एक हवालदार मात्र बाप्या असून तिच्याइतकाच सफाईने विणायचा, आईकडून शिकलेला. मी त्याला दाज्यू म्हणायचो, तो मला भुला. टाक्याला तो फंदा म्हणे. आपल्याकडे फंद म्हणजे भलतंच काही, त्यामुळे पहिले चार दिवस माझी करमणूक झाली.

(आपल्यातल्या जुन्या मंडळींना १९६२ आठवत असेल. तेव्हा देशभर घराघरांतून बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. इथे गंगा उलटी वाहत होती.)

लोकर लेहच्या बाजारातली, लुधियानाची, चार पदरी. रंग पिवळा, कारण लेकीने पत्रात तसं बजावलं होतं. बुखारीच्या काजळीत पिवळं टिकवायचं म्हणजे परीक्षाच. विणकाम उशीच्या अभ्र्यात ठेवायचं, हात धुऊन आणि शेकूनच सुया धरायच्या. पहाऱ्यावरून येऊन लगेच विणायला दाज्यूची सक्त मनाई. गारठलेला हात टाका आवळतो, म्हणायचा, मग एकाच स्वेटरचे दोन मापांचे तुकडे होतात.

दहा नंबरच्या सुईवर माझे इंचाला सात टाके येत होते. स्वेटरची छाती अठ्ठावीस इंच धरली, म्हणजे पाठीला चौदा इंच, अठ्ठ्याण्णव टाके. त्यात दोन कडांचे दोन मिळवून शंभर. ते कडेचे टाके कायम साधे ठेवायचे, जाळी तिथवर न्यायची नाही, कारण शिवण त्यांच्यावर बसते. खालची बॉर्डर बारा नंबरवर, एक सुलट एक उलट. जाळी फक्त छातीवर, पानांची.

जाळी म्हणजे हिशेबाने पाडलेली भोकं. लोकर सुईवरून पुढे घेतली की एक टाका वाढतो आणि भोक पडतं. मग जवळच दोन टाके एकत्र विणून तो वाढलेला टाका फेडायचा. पानाच्या एका अंगाला ही जोडी उजवीकडे झुकलेली, दुसऱ्या अंगाला डावीकडे. ओळ संपली की गिनती. शंभर म्हणजे शंभर. संध्याकाळच्या रोलकॉलला एक माणूस कमी भरला तर जसं कोणी जागचं हलत नाही, तसं एक टाका कमी आला तर पुढची ओळ नाही.

गोल विणून शिवण टाळता येते, पण दाज्यूला ते नामंजूर. जाळी स्वतःच्या वजनाने लोंबते, तिला खांद्याची आणि कुशीची शिवण सावरून धरते, असं त्याचं मत होतं. मला ते पटलं. शिवाय तुकडे छोटे, पाठपिशवीत मावणारे, आणि हुकूम कधी सुटेल याचा भरवसा नाही.

पण माझी खरी अडचण वेगळीच होती. बायकोने मापाचा दोरा ५६ एपीओच्या पत्त्यावर पाकिटातून पाठवला होता. एक गाठ छातीची, एक हाताच्या लांबीची. दोरा ऑक्टोबरचा. झोजिला बंद झालेला, माझी सुट्टी एप्रिलात. सहा महिन्यांत पोर किती वाढते? ज्याने तिला मागच्या वर्षी एकूण दीड महिना पाहिलं, तो काय सांगणार! बंकरात चार बाप होते. चौघांनी चार आकडे सांगितले आणि एकाचाही दुसऱ्याशी मेळ बसेना.

उपाय दाज्यूनेच काढला. पाठ आणि पुढा थोडे लांब विणून पुरे कर म्हणाला. बाह्या मात्र मुंढ्याच्या अलीकडे थांबव, टाके सुईवरून उतरवून जाड दोऱ्यात ओवून ठेव. घरी जा, पोरीला समोर उभी कर, आणि मग उरलेलं विण. शिवणही तिथेच. शिवलेलं उसवायला जीवावर येतं, तुकड्यांना काय, ते वाट बघतात.

एप्रिलात साताऱ्याला पोचलो तेव्हा लेक आईच्या पदरामागे उभी. पहिले दोन दिवस "बाबा" सुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी मी ओसरीत तुकडे ओले करून चादरीवर टाचण्यांनी ताणून बसवले. पाण्याने जाळी उघडते, आवळलेली पानं एकदम पसरतात. ते बघायला ती जवळ आली. बाह्या का नाहीत, विचारलं. म्हटलं, तुझा हात केवढा झालाय ते मला माहीत नाही.

तिने दोन्ही हात आडवे पसरले आणि तशीच उभी राहिली. जुन्या गाठीच्या पुढे दीड इंच. बायको म्हणाली, दोन धरा, थंडी यायला अजून सहा महिने आहेत.