गुलेतवरचे चार दिवस

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील फेथिये बंदरातून आमची नाव निघाली, तेव्हा आमच्यात सर्वांत शांत अब्बाच होते. रत्नागिरीकडच्या कितीतरी मुस्लिम घरांतील कर्त्या पुरुषांप्रमाणे त्यांचीही उमेद जहाजावर, इंजिनरूममध्ये गेली. वर्षातले दहा-दहा महिने ते घराबाहेर असत. घरी आले की समुद्राविषयी मात्र चकार शब्द काढत नसत. म्हणून आम्ही भावंडांनी ठरवले होते, एकदा अब्बांसोबत पाण्यावर राहायचे.

आमची नाव 'गुलेत' जातीची. लाकडी, दोन डोलकाठ्यांची. बोद्रुमच्या परिसरात अशा नावा बांधल्या जातात. वारा अनुकूल असला की शीड उभारायचे, एरवी इंजिनावर चालायचे. उन्हाळ्यात 'मेल्तेम' हा वायव्येचा वारा दुपारनंतर जोर धरतो, म्हणून नांगर पहाटेच उचलत. रात्री एखाद्या खाडीत थांबून मागचा दोर किनाऱ्यावरच्या खडकाला किंवा पाइनच्या झाडाला बांधत. न्याहारीला पाव, ऑलिव्ह, टोमॅटो, काकडी, पांढरे चीज आणि छोट्या काचेच्या पेल्यात कोरा चहा.

दुसऱ्या दिवशी मगरिबच्या आधी नळ कोरडा पडला. पोहून आलेल्या आमच्याच मुलांनी मनसोक्त आंघोळी करून टाकी संपवली होती. काशला पोहोचल्याशिवाय पाणी मिळणार नव्हते. आम्ही एकमेकांची तोंडे पाहू लागलो. अब्बांनी काही न बोलता बालदीला दोर बांधून समुद्रात सोडली.

"समुद्राचं पाणी पाक असतं. चला, वजू करून घ्या."

त्यांचा स्वतःचा वजू एका तांब्यात झाला. मुले बघत राहिली. वाहत्या नदीकाठी बसलो तरी पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आम्ही मुलांना कितीदा ऐकवली होती. ती कळली त्या संध्याकाळी.

तिसऱ्या दिवशी काशला टाकी भरून आम्ही केकोव्हाला पोहोचलो. भूकंपांनी खचलेल्या प्राचीन वस्तीच्या भिंती आणि पायऱ्या तिथे बेटाच्या काठाने पाण्यात उतरलेल्या दिसतात. त्यावर पोहायला मनाई आहे. समोरच्या कालेकोय गावाशी दगडी शवपेटी पाण्यात उभी आहे. मागच्या लोकांचे काय झाले ते फिरून पाहा, असे कुरआन का सांगतो, हे तिथे वेगळे समजावावे लागले नाही.

रात्री नुसत्या नांगरावर थांबलेली नाव वाऱ्याबरोबर फिरत होती. किब्ला आग्नेयेला; पण नमाज सुरू केल्यावर दिशा सरकू लागली, तसे अब्बा शांतपणे वळले. त्यांच्यामागे आम्हीही वळलो.

नमाजनंतर धाकट्या बहिणीने विचारले, "अब्बा, तुम्ही असे किनारे खूप पाहिले असतील ना?"

"नाही गं बाय," अब्बा म्हणाले. "आम्ही खाली इंजिनाजवळ. पाळी संपवून वर यायचो तेव्हा बहुतेक वेळा अंधारच असायचा. मग घरी येऊन काय सांगणार?"

कुणालाच पुढे बोलवेना. ज्या कमाईवर आमची घरे उभी राहिली, शिक्षणे झाली, ती त्या अंधारातून आली होती. आणि आम्ही इतकी वर्षे त्यांच्या अबोलपणाला स्वभाव समजत होतो.

चौथ्या दिवशी देम्रेच्या धक्क्याकडे जाताना फजरनंतर आम्ही अब्बांची खुर्ची पुढच्या बाजूला, अगदी नाळीजवळ मांडली. सूर्य वर येईपर्यंत ते किनारा पाहत होते. त्या सकाळी मुलांनी कुणी न सांगता तोंडे एकेका पेल्यात धुतली.